अण्णांचं स्टूल

शनिवारी सकाळी साडेनऊला जेवणाच्या टेबलाभोवती बैठक भरली. बैठकीला चार माणसं आणि एक लॅपटॉप होता. ज्यांच्याबद्दल बैठक होती ते अण्णा शेजारच्या खोलीत दार लोटून बसले होते, आणि आपलं कुणाच्या बोलण्याकडे लक्ष नाही हे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात वर्तमानपत्राची पानं उलटत होते. डाव्या हाताने. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

खांद्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. सहा महिने ड्रमला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधेच लावलात तर जोडलेला स्नायू पुन्हा तुटेल, आणि पुन्हा जोडता येईलच असं नाही, हेही सांगितलं होतं. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं, हीच खरं तर काळजीची बाब होती. कारण आज दुपारी चार वाजता निवृत्त टपाल कर्मचारी संघटनेची वार्षिक नाचाची दुपार होती. थोरल्यांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, ऑर्केस्ट्रा काढला तेव्हापासून ती दुपार या घराची होती, आणि गेली एकेचाळीस वर्षं तिथे ड्रममागच्या स्टुलावर अण्णांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"डाव्या हाताने वाजवतो म्हणतायत," आई, म्हणजे अण्णांची बायको, म्हणाली. "मघाशी कोट झटकला तर आतल्या खिशात स्टिक सापडल्या. दोन. म्हटलं, एका हाताने वाजवणार तर दोन कशाला? म्हणाले, एक मोडली तर."

शेजारच्या खोलीतलं पान उलटायचं थांबलं, मग पुन्हा उलटलं.

"मी सचिवांना फोन केलाय," बाळकाका म्हणाले. बाळकाका अण्णांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठावन्न, वाजवायला बास गिटार, आणि ऑर्केस्ट्राचे फोन घ्यायचं काम त्यांच्याकडे. "नेहमीसारखंच होईल, असं सांगून टाकलंय."

"नेहमीसारखं म्हणजे कसं रे, बाळ?" बेबीआत्याने विचारलं. ती दोघांच्या मधली बहीण, ऑर्केस्ट्राची एकमेव गायिका, आणि आपण एकमेव आहोत याची तिला कधी आठवण करून द्यावी लागत नसे.

"ते त्यांनी विचारलं नाही."

लॅपटॉप खारूचा होता. अण्णांची मुलगी, वय चौतीस. खारीसारखी सगळं साठवून ठेवते म्हणून लहानपणी पडलेलं नाव, ते तिने मोठेपणी खरं करून दाखवलं होतं. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासत असे. बंद खोलीत माणसाला बसवायचं आणि 'आता ऐकू येतंय का?' असं विचारायचं, उत्तर आलं नाही तरी रागवायचं नाही, हे तिचं काम. घरातही तिला ही सवय उपयोगी पडे.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिने मागच्या खोलीत माइक लावून अण्णांकडून त्यांचा अख्खा ड्रमसेट टोल्याटोल्याने वाजवून घेतला होता. प्रत्येक ड्रम आधी अगदी हळू, मग जरा जोरात, मग आणखी जोरात, आणि प्रत्येक जोर चार-चार वेळा, कारण तोच तो टोला सारखा कानावर आला की यंत्र आहे हे कळतं. अण्णांना वाटलं, मुलगी आठवण म्हणून जपून ठेवतेय. एका खांद्यावर वाजवत त्यांनी आठवडाभर आठवण काढून दिली. खारूने मग ते सगळं साफ केलं. पंख्याची घरघर, स्टुलाची करकर, अण्णांचं खाकरणं, बाहेरची एक मोटारसायकल असं एकेक कापून काढलं आणि उरलेले टोले लॅपटॉपमधल्या ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट भरले. आता लॅपटॉपला केबलने एक रबरी पाटी जोडलेली होती. पाटीवर आठ चौकोन. चौकोनाला टिचकी मारली की स्पीकरमधून अण्णा ऐकू येत. हळू मारली तर हळू अण्णा, जोरात मारली तर जोरात.

"मी मशीनपुढे गाणार नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, तू माइकमध्ये गातेस. तो काय झाडाला लागतो?"

"माइक माझं ऐकतो. हे मला ऐकवणार."

"वाजवणार मी आहे ना. मशीन आपलं आपण काही करत नाही. मी मारला तरच टोला येतो."

"तू टँबोरिन वाजवणारी."

हे खरं होतं. खारू दहा वर्षांची असल्यापासून मागे उभी राहून टँबोरिन वाजवत आली होती. ठेका पक्का, पण मनगटं आईची, त्यामुळे खऱ्या ड्रमवर तिचा हात पडला की ड्रमने खांदे उडवल्यासारखा आवाज येई.

"बाळ, तू बोल," आत्या म्हणाली.

"मी काय, मी दोन्ही बाजूंनी आहे," काका म्हणाले. एवढं स्पष्ट मत त्यांनी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

मग आई बोलली. आईने ऑर्केस्ट्राच्या बाबतीत एकेचाळीस वर्षांत एकही मत दिलेलं नव्हतं, त्यामुळे तिला मत आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

"मला मशीन चालेल."

"वहिनी, तू?" आत्याने कप खाली ठेवला. "तू तर साधा रेडिओ लावत नाहीस."

"त्याला खांदा नाही, वन्सं."

तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि अण्णा आत आले. कुणाकडे न बघता ते लॅपटॉपपाशी गेले आणि डाव्या हाताच्या एका बोटाने एक चौकोन दाबला. स्पीकरमधून टोला आला, कोरडा, नेमका. अण्णांनी डोकं जरा तिरकं केलं.

"हा माझा."

"हो."

"कधीचा?"

"गुरुवारचा. जेवणाआधीचा."

"कळतंय. भूक लागलीय." त्यांनी आणखी दोन चौकोन दाबले. मग कुणी काही विचारायच्या आत निकाल दिला. "मी हॉलवर येणार. खाली खुर्चीवर बसणार. माझे ड्रमही वर मांडायचे. हे तुमचं जमलं, तर जमलं. नाही जमलं, तर मी वर येऊन वाजवणार. मग कुणी मला डॉक्टर सांगायचा नाही."

"कोट घरी ठेवा," आई म्हणाली.

"गार आहे बाहेर."

"नाहीये."

"मला वाटतंय."

अशी तडजोड झाली. घरात तडजोड झाली की सामान दुप्पट उचलावं लागे, तसं ते याही वेळी उचलावं लागलं.

*

अडीच वाजता हॉलमध्ये टपाल खात्यातल्या निवृत्त लोकांपैकी फक्त सचिव होते. ते खुर्च्या भिंतीला लावत होते आणि प्रत्येक रांग लावून झाली की मागे सरकून ती सरळ आहे का ते बघत होते. मधली फरशी नाचासाठी पुसून ठेवलेली होती. स्टेजवर तपकिरी पडदा, पडद्यापुढे अण्णांचा ड्रमसेट, त्यामागे अण्णांचं गोल स्टूल. स्टुलावर कुणी नव्हतं. खारूने आपली पाटी एका स्टँडवर सेटच्या बाजूला लावली होती आणि ती उभीच होती. लॅपटॉप शेजारच्या खुर्चीवर. बाकी सगळं बंद करून तिने तो विमानात बसवल्यासारखा गप्प केला होता.

अण्णा तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी आई. तिने आपली खुर्ची मुद्दाम रांगेच्या टोकाला घेतली होती, म्हणजे अण्णांना बाहेर पडायचं तर तिच्या गुडघ्यांवरून जावं लागणार होतं.

पहिलं गाणं संथ होतं, तीन मात्रांचं. कार्यक्रम त्यानेच सुरू व्हायचा.

"मी तीन मोजते," खारू म्हणाली. "मग सगळे."

"मोजतेस कशाला?" काका म्हणाले. "आपण कधी मोजत नाही."

"मग सुरू कसं करतो?"

"करतो."

खारूने मोजले. एक, दोन, तीन. तिचा टोला अचूक पडला. पाठोपाठ कुणीच आलं नाही. बाळकाका तारांवर बोटं ठेवून वाट बघत होते. आत्या डोळे मिटून, माइक हनुवटीशी धरून उभी होती. टोले एकटेच पुढे गेले, थोडं अंतर चालले, आणि खारूने हात थांबवला.

दुसऱ्यांदा काका आले, आत्या आली नाही. तिसऱ्यांदा आत्या मोजणं संपायच्या आत आली आणि एक ओळ एकटीने गाऊन थांबली.

"तू माझ्याकडे बघ," काका आत्याला म्हणाले.

"मी गाताना कुणाकडे बघत नाही."

"मग मी तुझ्याकडे बघतो."

"इतकी वर्षं कुणाकडे बघत होतास?"

काकांनी खरंच विचार केला. "कुणाकडेच नाही," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरला. चाळीसेक वर्षं एखाद्या जिन्यावरून चढल्या-उतरल्यावर पायऱ्या किती, असं कुणी विचारावं, तसं त्यांना झालं. आपण रोज करतो ती गोष्ट कशी करतो हे आपल्याला माहीत नाही, आणि आता विचार करायला घेतल्यावर ती येतही नाही. घड्याळात पावणेतीन झाले होते. दोन्ही बाजूंनी असणं सोडून एखादी बाजू धरावी लागणार, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. आणि ती बाजू अण्णांची असली तर बरं, असंही वाटलं, ज्याची त्यांना लगेच लाज वाटली.

चौथ्यांदा सगळे वेगवेगळे आले. सचिवांनी खुर्च्या लावायच्या थांबवून स्टेजकडे पाहिलं, आणि आपण पाहिलंच नाही अशा सभ्यपणे पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

तिसऱ्या रांगेत अण्णा उठून उभे राहिले होते.

"बसा," आई म्हणाली.

"जमत नाहीये त्यांना."

"जमेल."

"कधी? लोक घरी गेल्यावर?" त्यांनी डाव्या हाताने झोळीची गाठ शोधायला सुरुवात केली होती. आईने गुडघे हलवले नाहीत. खारूने पाटीवरचे हात खाली घेतले. वर येऊन ते फक्त डाव्या हाताने वाजवतील, हे तिथल्या कुणालाही खरं वाटत नव्हतं, अण्णांना धरून. पहिलं गाणं डाव्याने, दुसरं गाणं डाव्याने, तिसऱ्याला जोर चढला की उजवा आपोआप बाहेर येणार.

"सगळ्यांनी ऐका," अण्णा स्टेजकडे बघून म्हणणार होते. त्याआधी, मोठं काही बोलायचं असलं की करत तसं, त्यांनी घसा साफ केला.

आणि आत्या गायला लागली.

डोळे मिटलेले, सूर पक्का, पहिल्या शब्दावर नेमकं वजन. काकांची बोटं त्याच क्षणी तारांवर पडली. दोन ओळी झाल्यावर दोघंही एकदम थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"तू सुरू केलंस," काका म्हणाले.

"तू केलंस."

"अण्णा खाकरले," खारू म्हणाली.

खारू लॅपटॉपकडे बघत होती, आणि कान तपासताना माणसाला काय ऐकू येत नाही ते अखेर सापडावं, तसा तिचा चेहरा झाला होता. "अण्णा, पुन्हा खाकरा."

"का म्हणून?"

"बघू तर."

अण्णा नाइलाजाने खाकरले. आत्याच्या तोंडून पहिला शब्द निम्मा बाहेर पडला. तिने तो हाताने दाबला.

"चारशे बारा," खारू म्हणाली. "रेकॉर्डिंगमधून मी चारशे बारा वेळचं खाकरणं कापलं. मला वाटलं, कचरा आहे."

बेबीआत्या स्टेजच्या कडेला असलेल्या खोक्यावर बसली. तिला आधार हवा होता असं नाही, पण उभं राहून हे ऐकणं बरं दिसलं नसतं. तिने एकदा एका मासिकाला मुलाखत दिली होती. गाणं कसं सुरू होतं, या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं की ते आतून येतं, आपण फक्त वाट बघायची. ते कात्रण तिच्या कपाटात होतं. आता कळत होतं की ती खरंच वाट बघत होती, आणि गाणं मागून येत होतं, भावाच्या घशातून. तिला रडू येईल असं वाटलं. प्रत्यक्षात हसू आलं, आणि तेही आवरेना.

"वन्सं, पाणी देऊ?" आईने खालून विचारलं.

"नको, वहिनी. मुलाखत आठवली." तिने डोळे पुसले. "मग सोपं आहे. अण्णाला वर बसव. ड्रम खारू वाजवेल, हा फक्त खाकरेल. खाकरायला खांदा लागत नाही."

"बरोबर," काका म्हणाले. बाजू धरायची ही सोय त्यांना सगळ्यात आवडली. "खुर्ची टाकू शेजारी."

"थांबा," खारू म्हणाली. "अण्णा, तुम्ही खाकरता कशावर? म्हणजे आत्ता खाकरायचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळतं."

"कसं?"

अण्णा आईच्या गुडघ्यांवरून, माफी न मागता, बाहेर आले आणि स्टेजपाशी येऊन उभे राहिले. रिकाम्या स्टुलाकडे पाहत त्यांनी मनातल्या मनात तिथे बसून बघितलं. समोर सेट, सेटच्या पलीकडे बहिणीची पाठ. पाठीखाली... "बेबी डावी टाच उचलते," ते म्हणाले. "गायच्या आधी. इतकीशी." त्यांनी बोटांनी अंतर दाखवलं. "टाच उचलली की मी खाकरतो."

"माझी टाच?" आत्या म्हणाली. "एकेचाळीस वर्षं तू माझी टाच बघत होतास?"

"समोर तीच असते."

"मी नाही उचलत."

"उचलतेस. लग्नाआधीपासून."

खारूने हिशोब मांडून पाहिला. आत्या अण्णांच्या खाकरण्याची वाट बघणार, अण्णा आत्याच्या टाचेची, काका दोघांचीही, आणि कुणाला याचा पत्ता नाही. म्हणजे इतकी वर्षं हा ऑर्केस्ट्रा कुणी सुरूच करत नव्हतं. तो सुरू होत होता. घरातल्या पुष्कळ गोष्टी अशाच चालत आल्या होत्या, पण त्यातली ही एक तालात होती.

"मग ठरलं ना," काका म्हणाले. "खुर्ची?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं, पण ती अण्णांच्या कोटाकडे पाहत होती, डाव्या बाजूला, जिथे आतला खिसा असतो.

स्टेजच्या पायरीशी उभं राहून अण्णांनी वर पाहिलं. तीन पायऱ्या. वर खुर्ची टाकली तर ती सेटच्या शेजारी येणार. हाताच्या अंतरावर झांज. समोर बेबीची टाच, तिच्यापलीकडे लोक नाचतायत, खारूचा टोला पडतोय आणि त्याला जे हवं ते त्यात किंचित कमी पडतंय, कारण मुलगी सावधपणे वाजवते. कुठवर बघत बसू? स्वतःला ते ओळखून होते. या वयात तेवढी ओळख तरी झालेली होती.

"नको," ते म्हणाले. "वर बसलो तर वाजवीन."

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं की त्यावर कुणाला समजूत घालता आली नाही, कौतुकही करता आलं नाही. आई खुर्चीवरून उठली आणि तशीच उभी राहिली.

"डॉक्टर म्हणाले म्हणून नाही," अण्णा म्हणाले. "मला माहितीय, म्हणून." मग खारूकडे वळून, "कापलेलं फेकून दिलंस?"

"मी काही फेकत नाही, अण्णा."

"मग लाव."

खारूने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. पहिलं खाकरणं स्पीकरमधून हॉलभर घुमलं. सचिवांनी दचकून आपलाच घसा चाचपला.

"हे सर्दीचं," आत्या म्हणाली. "यावर मी येणार नाही."

दुसरं लागलं.

"हे रागाचं. हे वहिनीवरचं."

"त्या दिवशी चहात साखर जास्त झाली होती," आई म्हणाली.

तिसरं लागलं. छोटं, कोरडं, शेवटाला किंचित वर गेलेलं. आत्याची डावी टाच उचलली गेली, आणि ती सगळ्यांनी पाहिली.

"हेच," अण्णा म्हणाले. "हे माझं आहे."

"सगळी तुमचीच आहेत."

"हे जरा जास्त."

खारूने ते आठव्या चौकोनावर ठेवलं. ती पुन्हा स्टँडपाशी उभी राहिली, आत्या माइकपाशी गेली, आणि पुन्हा काहीच झालं नाही.

"टाच दिसत नाहीये," खारू म्हणाली. "मधे झांज येते."

"उभ्याने नाहीच दिसणार," अण्णा म्हणाले. "स्टुलावरून दिसते."

आत्या माइकची तार उगाच सरळ करू लागली. खारूने स्टुलाकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे. दहा वर्षांची असताना ती एकदा त्याच्यावर गुपचूप बसली होती, आणि तेव्हा मिळालेला धपाटा दोघांनाही चांगला लक्षात होता.

अण्णा तीन पायऱ्या चढले. ते सेटमागे गेले, स्टुलापाशी वाकले आणि डाव्या हाताने त्याचा स्क्रू ढिला करू लागले. डाव्या हाताला सवय नव्हती; दोनदा बोटं निसटली. काका मदतीला पुढे झाले, पण आत्याने नजरेनेच त्यांना जागेवर ठेवलं. स्टूल चार बोटं खाली आलं. अण्णांनी स्क्रू आवळला, एकदा दाबून पाहिलं.

"बस."

खारू बसली. पाटी पुढ्यात ओढून घेतली.

"दिसते?"

"दिसते."

"बोटांनी मारू नकोस. लोकांना हात दिसला पाहिजे." त्यांनी आतल्या खिशातून दोन्ही स्टिक काढून तिच्यापुढे धरल्या. "एक मोडली तर दुसरी आहे म्हणून आणल्या होत्या. तुला दोन्ही लागतील."

ते आले तसे खाली उतरले. आईने खुर्ची थोडी मागे ओढून त्यांना आत जायला वाट दिली.

*

चार वाजता हॉल भरला. टपाल खात्यातली माणसं वेळेआधी आली होती आणि दारात रांगेने उभी होती, कुणी सांगितलेलं नसताना. आत्याने डोळे मिटले, टाच उचलली, खारूने आठव्या चौकोनावर टोला दिला, अण्णा स्पीकरमधून खाकरले, आणि गाणं सुरू झालं. कुणाला काही कळलं नाही. जोड्या फरशीवर उतरल्या. दुसऱ्या गाण्यानंतर सचिव अण्णांपाशी येऊन म्हणाले, "ड्रम नेहमीसारखे उत्तम," आणि आपण हे कुणाला सांगतोय ते लक्षात आल्यावर घाईने पाणी प्यायला गेले.

अण्णा कान देऊन ऐकत होते. एकेचाळीस वर्षांत त्यांनी हा ऑर्केस्ट्रा समोरून कधी ऐकलेला नव्हता.

"मी इतकं जोरात वाजवतो?" त्यांनी तिसऱ्या गाण्यात आईला विचारलं.

"हो."

"बेबीचे शब्द झाकले जातात."

"शेवटच्या ओळी मला ठाऊकच नाहीत अजून."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर ऐकू आलं असतं का तुम्हाला?"

अण्णांनी डावा हात वर करून, तळवा खाली दाबत, स्टेजकडे खूण केली. खारूने मान हलवली आणि लॅपटॉपवर एक पट्टी बोटाने खाली ओढली. अण्णा हळू झाले. आत्याची शेवटची ओळ पहिल्यांदाच हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचली. आई ती लक्ष देऊन ऐकत होती.

"अशी आहे होय," ती म्हणाली.

चौथं गाणं लागलं तेव्हा तिने पर्स खुर्चीखाली सरकवली आणि उभी राहिली.

"उठा."

"कुठे?"

"खाली. सगळे जातायत तिथे."

"मला नाचता येत नाही."

"मला तरी कुठे येतं? दर वर्षी जोडीदार वर बसलेला."

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांना वाचवायला कुणी मोकळं नव्हतं. घरची सगळी वर होती आणि कामात होती. ते उठले. फरशीच्या कडेला आईने त्यांचा डावा हात धरला, आणि झोळीतल्या हाताला धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवून समोर उभी राहिली. अण्णांनी पाऊल टाकलं. आईने टाकलं. दोन्ही पावलं एकमेकांवर पडली.

"पुढे पळू नका," आई म्हणाली.

"मी ठेक्यात आहे."

"नाही आहात."

"अगं, ठेका माझा आहे. मी वाजवलाय तो."

"वाजवलात तेव्हा वाजवलात. आता तो तिकडून येतोय, आणि तुम्ही त्याच्या आधी जाताय." एक जोडपं त्यांना वळसा घालून गेलं. "थांबा जरा. ऐका."

अण्णा थांबले. भर फरशीवर, चारी बाजूंनी माणसं फिरत असताना, ते नुसते उभे राहिले. स्पीकरमधून त्यांचा एक टोला आला. तो त्यांनी जाऊ दिला. दुसराही जाऊ दिला. तिसऱ्याला आईने पाऊल टाकलं, आणि ते तिच्यामागून गेले.